बांधाच्या आतली जमीन

प्रिय शहाण्या,

तुझा व्हिडिओ पाहिला. मागे बासरी, समोर आपलं घर, आणि वर तुझा गहिवरलेला आवाज, 'ही माझ्या पूर्वजांची भूमी!' आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिला. साहेबांनी तर मला समोर बसवून पुन्हा लावला. डोकंच फिरलं माझं. अरे, ज्या घराचे तू गोडवे गातोस त्याच्या न्हाणीत हल्ली भरतीला खारं पाणी वर येतं. आईने शेगडी विटांवर चढवून ठेवलीय. ते नाही आलं तुझ्या व्हिडिओत.

आणि पूर्वजांचं म्हणशील, तर आपले पणजोबा इथे हौसेने आले नव्हते. गोऱ्या मालकांना ऊस लावायचा होता. त्यांनी नदीच्या मुखाशी बांध घालून दलदल कोरडी केली, आणि राबायला जहाजं भरभरून माणसं आणली. त्यांतलेच आपले पणजोबा. रस्तेसुद्धा उसाच्या सोयीचे. मावशीचं गाव आपल्या गच्चीवरून दिसतं, पण जायचं तर आजही आधी बंदर गाठावं लागतं, कारण सगळे रस्ते तिकडेच धावतात. मालक गेले, ऊस गेला, कारखान्याचं धुराडंही पडलं. बांध तेवढा उरला, आणि आपण त्यालाच देव करून बसलो.

फोनवर सांगायला गेले की तू 'हं, हं' करत भलतंच काहीतरी बघत असतोस, म्हणून लिहून सांगते. नदी पुरात गाळ आणते. पूर्वी तो शेतांवर पसरायचा आणि जमीन वर यायची. बांध झाल्यापासून तो नदीतच साचतो. नदी वर वर चाललीय आणि शेतं बसत चाललीत. आता अंगणात उभं राहिलं की होड्या आपल्या डोक्यावरून चालल्यासारख्या दिसतात. गेल्या पावसाळ्यात खालच्या वस्तीजवळ बांध फुटला आणि शिंपीणबाईंचा नवरा झोपल्या जागी वाहून गेला. तुला कळवलं, तर तू रडका चेहरा पाठवलास. एक.

म्हणून आमच्या नदीमोजणी खात्याने ठरवलं, की बांध फुटायची वाट बघत बसायचं नाही. आपणच एका जागी कापायचा, पूर आत घ्यायचा आणि गाळ बसू द्यायचा. चार-सहा वर्षांत जमीन वर येईल, गाव वाचेल. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांत सखल निघालं ते आपलंच शेत, घरासकट. मी मापं पुन्हा घेतली. नदी काही नातं बघत नाही. आईला सांगितलं, तर ती घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची. गावाने माझं नाव 'घरबुडवी' ठेवलं, ते निराळंच.

त्यात तुझा वकील! फोनवर लाडीगोडी लावून तू आईची सही मिळवलीस आणि काम थांबवायला तिच्या नावाने कोर्टात अर्ज ठोकलास. पावसाळा तोंडावर, आणि मी कोर्टाच्या बाकावर. केवढी ती तत्परता! आई न्हाणीत घसरून पडली तेव्हा तुला तिकीट मिळत नव्हतं.

काल सुनावणी झाली. आई सकाळीच ठेवणीतलं पातळ नेसून तयार. मला वाटलं, निघाली लेकाची बाजू घ्यायला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आजी, अर्ज तुमचाच ना?" आई म्हणाली, "सही माझी आहे, म्हणणं मुलाचं. त्याला लांबून घर दिसतं, मला पाणी दिसतं. कापू द्या तो बांध." अर्ज मागे घेतला गेला. बाहेर पायरीवर बसून ती घोटभर पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, "त्याला सांगू नकोस. बिचाऱ्याला लागेल." मी 'बरं' म्हटलं, आणि आता सगळं तुला लिहून बसलेय. पुढच्या महिन्यात बांध कापायचा आहे. आई तुला बोलावणार नाही, 'त्याला रजा मिळत नाही' हे तिने स्वतःच स्वतःला पटवून ठेवलंय. म्हणून मी बोलावते. माझ्याशी भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, पण ये. त्या दिवशी ती बांधावर उभी राहील आणि तिच्यासमोर शेतात पाणी शिरेल. मी शेजारी असेन, पण माझ्यासमोर ती रडायची नाही, बांध कापणाऱ्या पोरीला लागेल म्हणून. तू आलास तर रडेल.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
ताई