चाकोरीबाहेर, पंधरा दिवसांच्या रजेवर

३ मार्च
धाकट्या भावावर डॉक्युमेंटरी निघतेय. वीस मिनिटांची. चाकोरीबाहेर जगणाऱ्यांची सीरिज आहे म्हणे. कसली डोंबलाची चाकोरी! एक नोकरी धड टिकली नाही, म्हणून भंगारातल्या बसमध्ये राहतो. मला हेवा अजिबात नाही. जेवण गेलं नाही ते ॲसिडिटीमुळे.

५ मार्च
आई आल्यागेल्याला सांगतेय, लेकावर सिनेमा येतोय. मी सव्वीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळतोय, तिच्या बीपीच्या गोळ्या आणतोय, ते कुणाच्या गावीही नाही. जळफळाट होतो. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय!

८ मार्च
निर्णय झाला. मीही चाकोरी सोडणार. मुक्काम गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. फोन, घड्याळ, ऑफिस बंद. रजेचा रीतसर अर्ज दिला. ही म्हणाली, वर जाताच आहात तर वाळलेले कपडे खाली पाठवा.

९ मार्च. वेळ माहीत नाही (७.४२)
पाठ धरली. अंघोळीला खाली गेलो. गीझर हा अपवाद.

१२ मार्च
डॉक्युमेंटरीवाली मुलगी आईची मुलाखत घ्यायला आली. मी मुद्दाम वाढलेल्या दाढीनिशी उतरलो. तिने दोनदा निरखून पाहिलं! म्हणाली, काका, रोज ऑफिसला निघता तसे निघाल का? मी काय ते ओळखलं. त्यागाआधीचं माझं पूर्वायुष्य! दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, डबा घेऊन नऊ वेळा जिना उतरलो. नवव्या वेळी डोळ्यांत पाणी आणलं. ती म्हणाली, पाणी नको. तिच्यासोबत आलेला धाकटा कोपऱ्यातून सगळं बघत होता. आता कळेल त्याला, जळणं काय असतं.

१३ मार्च
फिल्म बघायला यायचं अख्ख्या ऑफिसला फोनवरून आमंत्रण दिलं. साहेबांना दोनदा.

२ एप्रिल
आज फिल्म दाखवली. हॉल फुल्ल. चौदाव्या मिनिटाला मी आलो. अकरा सेकंद. मी जिना उतरतोय आणि त्या दृश्यावर धाकट्याचा आवाज: दादाकडे बघितलं की मला कळायचं, आपल्याला काय व्हायचं नाही.
हॉलभर हशा. साहेब सगळ्यांत मोठ्याने. आईही हसली. थोडंसंच, पण हसली.
घरी येऊन शांतपणे विचार केला. मी नसतो तर धाकटा असा झालाच नसता. म्हणजे अख्खी फिल्म खरं तर माझ्यावरच आहे. आईला हे नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं बाबा. आता गच्चीवरची ती गादी तेवढी खाली आण, धाकटा आज राहणार आहे.
आणली.