टाकीतला दोर

सोमवार, ता. ४
नाही, म्हातारपणी नोकरीची हौस आली नाही मला. घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून आलो. धान्य साठवायची सिमेंटची टाकी ही, पाच मजले उंच. वीस वर्षं रिकामी. आता खाली दार फोडलंय, भिंतीला गोल कपाटं लावलीत. झालं वाचनालय! मी राखणदार, झाडलोट बायकोकडे. मागे राहायला खोली, नळाला दिवसभर पाणी. ही जाम खूश. म्हणाली, सातवीत सोडलेली शाळा आता पुरी करा.

बुधवार, ता. ६
छताच्या झाकणातून जाड दोर लोंबतोय, टोक डोक्याच्या हातभर वर. टाकीचं वाचनालय करणारा इंजिनियर म्हणतो राहू द्या, जुनी आठवण. कसली आठवण, नुसती धूळ गळते. पुसून पुसून ही दमते. बाहेरच्या शिडीने वर चढलो, गाठ सोडली. खालचं टोक मोकळं, तरी दोर ताणलेला होता. हातातून सपकन गेला. खाली येऊन बघतो तर दोर कुठेच नाही. हिला सांगितलं, भंगारात टाकला. उगाच बोभाटा कशाला.

शनिवार, ता. ९
इथला एक जुना हमाल पेपर वाचायला आला. वर बघून चेहराच उतरला त्याचा. म्हणाला, धान्य अडकलं की माणूस कमरेला दोर बांधून आत उतरायचा. खालून धान्य सुटलं की पाय ओढले जायचे. म्हणून आतला वर येईपर्यंत दोर सोडायचा नाही. एकजण आलाच नाही. टाकी उपसली तरी सापडला नाही. सोबत्यांनी दोर तसाच ठेवला.
मी म्हटलं, अहो, वीस वर्षं झाली. तो म्हणाला, पण तो वर आलाय का? पेपर उघडा टाकून गेला.

सोमवार, ता. ११
ही म्हणते, मधली फरशी मऊ लागते, पाय जड होतात. मी म्हटलं, वजन कमी कर. हसली नाही.

मंगळवार
फरशी ठोकली. दगड. मी उभा राहिलो, दगडच. हिचे घोटे आत. निघत नाहीत.

बुधवार
गुडघे. इंजिनियर म्हणाला, आजी बसल्यात नुसत्या. डॉक्टर म्हणाला, वाताचं आहे, औषध देतो. कुणाला दिसतच नाही. लोक वळसा घालून पुस्तकं नेतात.

गुरुवार
नवा दोर आणला, हिच्या कमरेला बांधला, वर पक्की गाठ मारली. दुपारी तुटला. सुतळीसारखा.
मग कबूल केलं, की मीच सोडला होता तो. म्हणाली, माहीत आहे. चाळीस वर्षं बघतेय, तुम्ही हात लावल्याशिवाय काही राहतं का?

शुक्रवार
छातीपर्यंत. हात धरून बसलोय. खालून कुणीतरी चढतंय म्हणते, हिलाच धरून —

लिहायला एक हात सोडला, तेवढ्यात खांदे —
धरायला दोन्ही हात लागतात. पुढचं विचारू नका. काही सांगणार ना