फळीचं दुसरं टोक

ता. ४ मार्च

ती. ताईंना सा. न. वि. वि.

फोन उचलला की हे जवळ येऊन बसतात, म्हणून पत्र. परवा हे कामावर फळीवरून पडले. फळी कमरेएवढीच उंच होती, त्यामुळे कोपर सोलण्यावर निभावलं. छताचा गिलावा करायला मान वर केली की यांचं सगळं गरगर फिरतं. सकाळी उठल्यावर दाराची चौकट धरून उभे राहतात आणि मी पाहिलं की ती पुसत असल्यासारखं करतात.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, सगळं ठीक. यांनी त्यांना नुसता अशक्तपणा सांगितला. गोळ्या मिळाल्या, त्यांनी दिवसभर पेंगतात आणि तोल आणखीच जातो. मुकादम म्हणाला, आधी उतरू दे, मग ये. ताई, यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, तरी काल हे झोपल्यावर मी तोंडाचा वास घेतला.

फळीच्या दुसऱ्या टोकाला माझा धाकटा भाऊ असतो. एकाचा तोल गेला की दुसराही जातो. येत्या आठवड्यात सभागृहाचं छत सुरू होतंय, दोन मजले उंच. भावाला सांगायचं नाही अशी यांनी शपथ घातलीय. सांगितलं तर यांचं काम जातं. नाही सांगितलं तर, पुढचं लिहवत नाही.

लोभ आहेच, या पत्रानंतरही तो राहू द्या.
तुमची वहिनी

ता. ७ मार्च

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

भावाला आजच सांग. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी, तिथे अजून जागा आहे.

इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. चक्कर उपाशीपोटी येते, दाब उतरला की येते, गोळ्यांनी येते, कानामुळेही येते. नेमकी कधी येते ते सांगितलं तरच कळतं, म्हणाल्या. कूस बदलताना घर फिरतं का, विचार त्याला. आमचा पठ्ठ्या लहानपणी तापाने फणफणला तरी भूक नाही एवढंच म्हणायचा. आणि जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, तर पत्र लिहीत बसू नकोस. सरळ इस्पितळ गाठ.

धीर सोडू नकोस, माया आहे.
तुझी ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू आणि हिने मिळून मला खाली उतरवलंत. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, तुम्ही खालीच थांबा. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. आता मी गिलावा कालवून बादल्या वर देतो, माझ्याच हाताखाली शिकलेल्यांना.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कूस बदलताना फिरतं हे मी कधी सांगितलंच नव्हतं. अंथरुणातल्या गोष्टी परक्याला कशाला सांगायच्या? त्यांनी आडवं करून डोकं वळवलं, तेव्हा मी त्यांच्या कोटाचं बटण उपटलं. हसू नकोस. कानातले बारीक कण जागा सोडतात म्हणे. डोकं ठरावीक रीतीने वळवून त्यांनी ते बसवले. आता फिरत नाही. पण परत येऊ शकतं, हेही तेच म्हणाले.

मेहुणा ऐकून घेतो आणि फळीवर दुसराच माणूस घेतो. हिला म्हटलं, तू सांग त्याला. ही भाजी निवडत राहिली. ताई, मला फिरत नाही हे मी कोणाला कसं दाखवू?

जीव लाव, रागावलो असलो तरी.
तुझा भाऊ

ता. १ एप्रिल

ती. ताईंना सा. न. वि. वि.

हे धड जेवत नाहीत. काल सुट्टी होती, सभागृह रिकामं. मी यांना घेऊन गेले. फळी बुटक्या लाकडी घोड्यांवर लावायला लावली, पडले होते तेवढ्याच उंचीवर, आणि दुसऱ्या टोकाला मी चढले. वेडी आहेस का, उतर, म्हणाले. मी म्हटलं, मान वर करा.

यांनी केली. छत कसं झालंय विचाराल तर मी पाहिलंच नाही, मी यांच्या पायांकडे बघत होते. फळी थरथरली. थरथरत होते ते माझे पाय. वर बघतच यांनी हात लांब केला आणि म्हणाले, गुडघे सैल सोड.

भावाशी यावर अजून बोलले नाही. आज संध्याकाळी बोलणार आहे. यांना परत घे, असं म्हणणार नाही. काल मी कुठे उभी होते, एवढंच सांगेन.

आठवणीत ठेवा.
तुमची वहिनी