भाऊबीजेचे तीन स्विच

मंगळवार, संध्याकाळ

आईला सांगू का नको? मामाने मशीनमधून तिचं नाव काढून टाकलंय.

भाऊबीजेला साडीच्या ऐवजी मामा आईला आणि दोघी मावश्यांना बोललेला, "कंटेनर यार्डात तुमच्या नावाचं एकेक मशीन बसवलंय." मशीन म्हणजे नेटवर्कचा स्विच, कॅमेरे आणि कॉम्प्युटर वायरींनी जोडणारा डबा. शाळा सोडल्यापासून मी मामाबरोबर हेच काम करते. आईने तर आख्ख्या आळीला सांगितलं.

काल नवे कॅमेरे जोडले आणि आज गेटवर कॅमेरे, कॉम्प्युटर सगळं अडकायला लागलं. ट्रकांची लाईन, हॉर्न. मॅनेजर बोलला, "जेवणाच्या आत चालू करा, न्हायतर दुसरा माणूस बोलवतो."

लॅपटॉपवर बघते तर मामाने रीजनच्या, म्हणजे स्विचच्या गटाच्या, नावात तिघी बहिणींची नावं टाकलेली: सुनंदा, वनिता, रंजना! तिन्हीकडे एकच नाव पायजे, तरच स्विच एकमेकांना घरचे समजतात आणि गेटकडे जाणाऱ्या दोन्ही वायरींवर काम वाटून घेतात. इथे परके समजून एक वायर बंदच ठेवलेली, म्हणून नव्या कॅमेऱ्यांचा सगळा भार दुसरीवर.

मला कळलं, पण मामाची चूक मोठ्याने कशी सांगू? सगळे बघत होते ना. शेवटी मामाची बाही ओढली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

मामाने कपाळाला हात लावला. "कोनाचं ठेवू गो? बाकीच्या दोघी मला जिता सोडनार न्हाईत."

"आजीचं टाक," मी पुटपुटले.

टाकलं. कॅमेरे चालू. मॅनेजर जेवायला गेला.

घरी आल्याआल्या आईने विचारलं, "माझं मशीन कसं चाललंय गो?"

मी तोंडात बोंबील कोंबला आणि मान हलवली. चांगलं चाललंय, हे काय खोटं न्हाय. फक्त आता ते तिच्या आईचं हाय.