दादाच्या बाकावरची जागा

प्रिय आई,

तुला नि बाबांना प्रभूच्या नावात सलाम. मी बरी आहे. तुझी कंबर कशी आहे?

प्रवेशासाठी आधी दादाचं कॉलेज पाहिलं. प्रयोगशाळा झकास आहे. पाद्रीसाहेबांनी चॅपलमध्ये मला कौतुकाने दादाच्याच बाकावर बसवलं. बाकाखाली हात गेला तर कोरलेलं काही लागलं. वाकून पाहिलं, दादाचंच अक्षर: ‘प्रभू, इथे शंका विचारायची कुणाला?’ तेव्हापासून ती अक्षरं बोटांवरून जात नाहीत.

दुसऱ्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक जुनाट आहेत, पण प्रवचनानंतर मुलं हात वर करून प्रश्न विचारतात. मी तिथेच नाव घातलंय. माझी श्रद्धा शाबूत आहे, बाबांना सांग.

दादा देवाघरी गेला त्या वर्षी आपण पत्रात एवढंच विचारायचो, जेवतोस ना, चर्चला जातोस ना? तो ‘हो’ लिहायचा.

मला दुसरं काहीतरी विचार.

तुझीच,
धाकटी