वहिनींना सांगलीचे घर, जोतीरामला पदक

माझी प्राध्यापकी कितीला पडली ते आधी लिहितो. एक थोरला भाऊ, शंभूराज, एकाहत्तरच्या लढाईत. त्याच्या विधवेच्या पेन्शनवर माझे कॉलेज झाले. पुढचे सगळे मी कमावले.

मी उदयसिंह रामराव कणसे, वय ७२, मूळचा खंडाळा तालुक्यातला, हल्ली सांगली, निवृत्त इतिहास प्राध्यापक. डोके शाबूत आहे, कान त्याहून. पत्नी वारली, मूलबाळ नाही. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नाही. रागाच्या भरात आहे, त्याला कायद्याची हरकत नाही.

दिराशी लग्न केले तर विधवेची पेन्शन चालू राहते. युद्ध आणि समाज हा विषय मी तीस वर्षे शिकवला, पण हा धडा घरातच झाला. वडिलांनी चंद्राबाई वहिनींचे लग्न मधल्या भावाशी, जोतीरामशी लावून दिले. माझ्या कॉलेजनंतरची पेन्शन त्याने खाल्ली, जमीनही.

गेल्या दिवाळीला तो माझ्याच ओसरीवर म्हणाला, "मास्तर लय लढाया शिकवतो, पर गोळीचा आवाज कवा ऐकला न्हाई. मेला की घर आपलंच हाय." वहिनी म्हणाल्या, "आवं, हळू बोला. भावजींचं कान लय तिखट हाईत."

तर सांगलीचे घर वहिनींना. अट एकच: जोतीराम तिथे एक रात्र जरी राहिला, तरी घर विकून पैसे सैनिकांच्या वसतिगृहाला द्यावेत.

वहिनींना हे सांगितले. म्हणाल्या, "आवं भावजी, ह्या वयात मला आनि एकदा वाटून घेताय व्हय?" अट कायम.

शंभूराजचे पदक जोतीराम झेंडावंदनाला छातीवर लावून मिरवतो. ते त्यालाच ठेवावे. ते शौर्याचे नाही. त्या लढाईत हजर असलेल्या सगळ्यांना मिळाले होते. मला चाळीस वर्षे माहीत आहे. हे कलम गावात चावडीवर मोठ्याने वाचावे.

जोतीरामने कोर्टात खुशाल जावे. सातारा-सांगलीत माझा विद्यार्थी खुर्चीत नाही अशी कचेरी नाही. माझ्या शब्दाला उभे राहणारे पुष्कळ आहेत.

स्थळ : सांगली. दि. ९ जानेवारी २०२५.
सही : उ. रा. कणसे

साक्षीदार :
१) कुतुबुद्दीन मुल्ला, झेरॉक्स दुकान
२) झिशान बागवान, रिक्षाचालक

दोघांशी माझी ओळख आज सकाळी नोटरीच्या दारात झाली. पाच माजी विद्यार्थ्यांना फोन केले होते. पाचही जणांकडे आज लग्न आहे.