चिनीणबाईची कसरत

नाना, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी ऐंशीची झाले. माफी मागायला लिहीत नाही. जे तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही, ते सांगायला लिहिते आहे. निजामाच्या राज्याचे अखेरचे दिवस होते. तुम्ही नांदेडच्या सरकारी शाळेत उर्दूतून गणित शिकवत होता, आणि मी लातूरहून, सासरहून, मोडलेलं मनगट घेऊन घरी आले होते. कोणी मोडलं, ते आईने विचारलं. तुम्ही विचारलं नाही. हाड जुळलं की पाठवू, एवढंच तिला म्हणालात.

हाड जुळलं, पण बोटांत जीव येईना. गल्लीच्या टोकाला दात काढणारा चिनी राहायचा, आठवतो ना? आईची दाढ दुखत होती म्हणून आम्ही गेलो, तर त्याच्या बायकोने आईआधी माझाच हात धरून बघितला. काही विचारलं नाही. उद्या सकाळी ये, म्हणाली. तिच्या परसात पहिला महिना मी नुसती गुडघे वाकवून उभी राहिले. मांड्या थरथरायच्या. मग पाण्यातून फिरवावेत तसे संथ हात फिरवायचे, श्वास पोटात सोडायचा. बोटं उघडू लागली, झोप लागू लागली. पण एक दिवस मी चिडले. असल्या हळू कसरतीने कोणाचा हात थांबणार? तिने आपलं मनगट पुढे केलं, ओढ म्हणाली. मी ओढलं आणि काय झालं ते कळायच्या आत तिच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात बसले. ती हसली नाही. "जोर नक्को लगा. उने खींचा तो तू बी उदरीच जा. बाद में कमर घुमा," म्हणाली. ते वाक्य मी हजार वेळा अंगाने गिरवलं.

मग तो जुम्मा. शाळेला सुट्टी होती, आणि कोणीतरी तुमच्या कानावर घातलं होतं. तुम्ही कुंपणाशी येऊन उभे राहिलात आणि तिच्यासमोर मला म्हणालात, "तुला नांदायचं हाय का नाचायचं?" मी म्हणाले, नांदायचंय, पण मार खायचा न्हाई. त्याच आठवड्यात मामाबरोबर तुम्ही मला लातूरला धाडलंत.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं. नवरा उठतो, तेच मनगट धरतो, ओढतो. मी ओढीबरोबर पुढे जाते, कंबर वळवते, आणि तो तुरीच्या डाळीच्या पाटीत बसतो. दारात सासू उभी आहे. मला त्याला मारता आलं असतं, नाना. मी मारलं नाही. लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि दुपारच्या मोटारीने एकटी नांदेडला आले.

तुम्ही दारात आडवे. "आल्या पावली परत जा." मी दोन्ही पाय जमिनीत रोवून उभी राहिले आणि म्हणाले, "न्हाई जात. ढकलून बघा." तुम्ही ढकललं नाहीत. लाजेने की भीतीने, ते मला आजही ठाऊक नाही. दोन्ही मला चालतं. वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी नर्स झाले आणि पहिली नेमणूक लातूरलाच मागून घेतली. तो बाजारात दिसला की रस्ता मी बदलला नाही, त्याने बदलला. चिनी जोडपं पुढे कलकत्त्याला गेलं. कसरत माझ्याकडे राहिली. आता गच्चीवर सकाळी सात-आठ पोरी येतात, तिला ताई-ची म्हणतात. आधी महिनाभर नुसतं उभं राहा म्हटलं की चिडतात. चिडू दे.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही. एक मात्र कबूल करते. तुम्ही गेलात तेव्हा तापाने फणफणले आहे, असा मी निरोप पाठवला होता. ताप नव्हता. तुम्हाला जमिनीवर निजवलेलं बघायचं धाडस मला झालं नाही.